उतरणीची हौस

दसऱ्याच्या दिवशीं सरस्वतीपूजनाला पुस्तकें मांडण्याचें काम आमच्या सांगलीच्या घरीं गेलीं कित्येक वर्षें आमच्याकडे आहे. पाटावर प्रथम आपट्यांच्या संस्कृत कोशाचे तीन खंड, त्यांवर चिरंजीवांचीं यंत्रशास्त्राचीं पुस्तकें, मग सूनबाईंचीं, आणि अगदीं वर घरांतील लहानांच्या वह्या, असा क्रम ठरलेला. गेल्या दसऱ्यास आमच्या नातीनें निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही आणून आपण होऊन कोशाला टेकवून ठेविली. नात आतां आठवींत आहे. वही गणिताची असेल अशा समजुतीनें आम्हीं तिजवर हळदकुंकू वाहिलें. दुसऱ्या दिवशीं पुस्तकें उचलतांना वही सहज उघडली, तों पहिल्याच पानावर तांबड्या शाईनें दोन मथळे दिसले: एका बाजूस 'झालेले', दुसऱ्या बाजूस 'राहिलेले'. पहिल्याखालीं दोन नांवें होतीं, दुसऱ्याखालीं एकेचाळीस. आणि तीं सारीं नांवें रोलर कोस्टरांचीं होतीं.

तरुण वाचकांस हा शब्द समजावून सांगावयास नको. आमच्या वयाच्या वाचकांसाठीं एवढेंच सांगतों कीं, लोखंडी रुळांचा एक डोंगर रचतात. त्याच्या शिखरावर सांखळीनें गाडी ओढून नेतात. आणि मग ती सोडून देतात. पुढचीं वळणें, चढउतार व कोलांट्या ती गाडी आपल्याच वेगानें करीत दीड-दोन मिनिटांत खालीं येते, व आंत बसलेलीं माणसें, आपण जिवंत आहों याची खात्री करून घेत, हंसत बाहेर पडतात. नातीच्या वहींतले 'झालेले' दोन्ही कोस्टर बंगळुराचे होते; तेथें ती मावशीकडे गेली असतां वंडरला नांवाच्या उद्यानांत तिनें ते पदरांत पाडून घेतले होते.

परक्याची वही मिटून ठेवावी हा शिष्टाचार आम्हांस ठाऊक आहे. पण आम्ही पडलों मास्तर. जुन्या अकरावीचे मॅट्रिक, संस्कृत वाईस एका शास्त्रीबोवांच्या पायाशीं बसून शिकलेले. पुढें सारा जन्म प्राथमिक शाळेंत दुसऱ्यांच्या वह्या वाचण्यांत गेला. तेव्हां लांकडी पेटीवर बसून ती वही आम्हीं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण दुसऱ्या दिवशीं पुन्हां मागून घेतली.

वहींत प्रत्येक कोस्टराची उंची, लांबी, वेग, कोणत्या कारखान्यानें व कोणत्या सालीं बांधला याची नोंद होती. मागच्या पानांवर इतिहास होता. या खेळाचें मूळ रशियांत आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत सेंट पीटर्सबर्गाच्या आसपास थंडीच्या दिवसांत लांकडी सांगाडे उभारून, त्यांवर पाणी ओतून बर्फ गोठवीत व त्या उतारावरून लोक घसरत. पॅरिसच्या लोकांस ही कल्पना आवडली. पण तेथें तसा बर्फ कोठला? म्हणून १८१७ सालीं त्यांनीं गाडीला चाकें लावून ती खांचांच्या वाटेनें सोडली. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांत १८२७ पासून डोंगरावरचा कोळसा केवळ उतरणीच्या जोरावर खालीं आणणारी एक गाडी होती. पुढें कोळशाचें काम सुटलें, तरी तींत बसावयास माणसें पैसे देऊन येतच राहिलीं. आणि १८८४ सालीं न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथें थॉम्सन नांवाच्या गृहस्थानें या खेळाचें रीतसर दुकान मांडलें. त्याच्या गाडीचा वेग ताशीं सहा मैल, म्हणजे आमच्या लहानपणच्या साताऱ्यांतील टांग्याहून फारसा अधिक नव्हे, व दर माणशीं पांच सेंट. हा थॉम्सन मोठा धर्मशील मनुष्य होता. लोकांनीं मद्यगृहें सोडून निर्मळ करमणुकीकडे वळावें म्हणून त्यानें हा उद्योग केला असें सांगतात. आमच्याकडील एखाद्या कीर्तनकाराला ही युक्ति सुचली असती, तर कोठकोठले रूळ आज उभे असते कोण जाणे!

त्या वहींतली एक गोष्ट आम्हांस फारच गोड वाटली. फ्रेंच, स्पॅनिश व इटालियन या तिन्ही भाषांत या खेळास 'रशियन डोंगर' अशा अर्थाचें नांव आहे. आणि खुद्द रशियन लोक त्याला 'अमेरिकन डोंगर' म्हणतात. ज्यानें त्यानें आपलें वेड शेजाऱ्याच्या नांवावर घातलें आहे. आम्हीं लगेच कोश काढून संस्कृतांत यासाठीं कांहीं सांपडतें का तें पाहूं लागलों. दोला आहे, प्रेंखा आहे, हिंदोल आहे. पण झोपाळा गेलेल्या वाटेनें परत येतो, ही गाडी येत नाहीं. 'दोलाचल' असा एक शब्द आम्हीं स्वतः बनविला. नातीनें तो ऐकून घेतला, वहींत लिहूनही ठेविला, आणि कधीं वापरला नाहीं.

अमेरिकेंत १९७८ सालीं या खेळाच्या शौकिनांची एक सभा स्थापन झाली. तिचे सभासद देशोदेशीं हिंडून आपण किती कोस्टर केले याची मोजदाद ठेवितात. आमच्या घरच्या मंडळींस हें फार हास्यास्पद वाटलें. आम्हांस वाटलें नाहीं. अष्टविनायकांपैकीं सहा झाले, दोन राहिले. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं केदारनाथ तेवढा उरला आहे, असे हिशेब आमच्याच माजघरांत चालत आलेले आम्हीं जन्मभर ऐकले आहेत. फरक इतकाच कीं, आमच्या मोजणीला पुण्य चिकटलेलें आहे व त्यांच्या मोजणीला नाहीं.

नातीच्या 'राहिलेल्या' एकेचाळिसांत पहिलें नांव 'नायट्रो' असें होतें. हा कोस्टर रायगड जिल्ह्यांत खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यांत, इमॅजिका नांवाच्या उद्यानांत आहे. तें उद्यान २०१३ सालीं उघडलें. नायट्रोची उंची चाळीस मीटर, कोलांट्या पांच. आणि गाडीला तळच नाहीं, म्हणजे बसणाऱ्याचे पाय अधांतरीं लोंबतात. स्वित्झर्लंडांतील बोलिगर व माबिलार्ड या नामांकित कारखान्यानें तो रचला आहे. नातीचें म्हणणें असें कीं, इतक्या जवळ असा कोस्टर असून तो 'राहिलेल्यां'त असणें बरें नव्हे. दिवाळीला आपण सारे साताऱ्यास जाणारच. तेथून पुढें खोपोली कांहीं फार लांब नाहीं.

आमचें मूळ घर साताऱ्याचें. तेथें थोरले बंधु, म्हणजे दादा, वहिनी व त्यांचा परिवार राहतो. आमच्या वडील भगिनी आक्का याही तेथेंच असतात. त्यांचें वय शहात्तर आहे. नोकरीमुळें आम्ही सांगलीस राहिलों, तरी दिवाळी व महालक्ष्म्या साताऱ्यासच होतात. तेव्हां हा विषय पाडव्याच्या दुपारीं जेवणें आटोपल्यावर तेथें निघाला. दादांनीं सुपारी कातरीत सर्व ऐकून घेतलें व एकच प्रश्न केला: "पैसे देऊन ओरडायला जायचें कशाला? ओरडायचें तर इथें ओरडा."

यावर उत्तर देणें कठीण होतें. दादांचा खरा आक्षेप पैशांचा नव्हता. आपल्यासारख्या घरांतल्या माणसांनीं असल्या अंगचटीच्या खेळांत पडावें काय, हा होता. तेव्हां आम्हीं सांगली प्रांताचा दाखला काढला. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे हे कोण होते? वेदशास्त्रसंपन्न परंपरेंतलेच ना? त्यांनीं १८८० सालीं पहिली हिंदी सर्कस उभी केली, घोड्यांवर उभे राहिले, देशोदेशीं गेले. म्हैसाळच्या देवलांची सर्कस तर आमच्या सांगलीच्या उंबऱ्यावरची. धाडसाच्या खेळाचें आपल्याला वावडें असतें, तर कृष्णाकांठीं तंबू शिवले गेले नसते. दादा म्हणाले, "छत्रे पैसे मिळवीत होते, तुम्ही घालवणार." हा मुद्दा त्यांनीं बिनतोड काढला हें कबूल केलें पाहिजे.

आक्कांची हरकत निराळी होती. पाय अधांतरीं ठेवून बसणें त्यांना अभद्र वाटलें. आम्हीं त्यांना सांगितलें कीं, महाव्रत नांवाच्या वैदिक कर्मांत साक्षात् होता झोपाळ्यावर बसून शस्त्रपठण करतो. ऐतरेय आरण्यकांत त्या झोपाळ्याचा विधि आहे. आक्कांनीं ऐकलें आणि विचारलें, "गाडी उलटी झाल्यावर पडत कशी नाहीं?" हें मात्र नातीनें सांगितलें. गाडीला रुळाच्या वर, बाजूला आणि खालीं अशीं तीन बाजूंनीं चाकें असतात. खालचीं चाकें रूळ सोडूं देत नाहींत. मिलर नांवाच्या अमेरिकनानें १९१९ सालीं त्या चाकांचा हक्क नोंदविला, आणि तेव्हांपासून कोस्टर उंच उंच होत गेले. आक्कांचें समाधान होतासाठीं झालें नाहीं, चाकांसाठीं झालें. शिवाय नातीनें नकाशा काढून दाखविला: उद्यानाच्या अलीकडे महडचा वरदविनायक आणि पलीकडे पालीचा बल्लाळेश्वर. मंगळवारीं जावयाचें म्हणजे गणपतीचा वार. आक्कांच्या अष्टविनायकांपैकीं महड राहिलेलाच होता. त्या म्हणाल्या, "मग मी येतें." आक्का येणार म्हणजे वहिनी येणार, आणि वहिनी येणार म्हणजे दादा घरीं राहून काय करणार?

त्या दुपारीं आणखी एक गोष्ट घडली. असल्या खेळांत बसणाऱ्याला उंचीची अट असते. नात ती खात्री करून घेण्यासाठीं मधल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. त्या चौकटीवर दर दिवाळीला मुलांच्या उंचीच्या खुणा करण्याची आमच्याकडे चाल आहे. पेन्सिलीच्या रेघा आणि पुढें नांव व साल. तिची उंची अटीहून बरीच अधिक भरली. मग ती खालीं वांकून जुन्या रेघा वाचूं लागली आणि म्हणाली, "बाबा, १९९४ सालीं तुम्ही एवढेच होतां. तुम्हांला बसूं दिलें असतें का हो?"

चिरंजीव खिडकींत वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं वर पाहिलें नाहीं. "नसतें दिलें बहुतेक," असें म्हणून त्यांनीं पान उलटलें.

१९९४ सालचें तें प्रकरण येथें सांगितलेंच पाहिजे. त्या वर्षीं चिरंजीव चौथींत होते व शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसले होते. मुंबईस गोराई येथें एस्सेलवर्ल्ड नांवाचें उद्यान १९८९ पासून सुरू झालें होतें. त्याच्या आधीं दिल्लीस अप्पूघर १९८४ सालीं निघालें होतें, पण दिल्ली आम्हांस लांब. एस्सेलवर्ल्ड मात्र दूरदर्शनवरच्या जाहिरातीमुळें महाराष्ट्रांतील प्रत्येक पोराला स्वतःच्या परसाइतकें परिचित झालें होतें. खाडीपलीकडे होडीनें जावयाचें, मग तें उद्यान. परीक्षा चांगली दिलीस तर मे महिन्यांत नेऊं, असें वचन आम्हीं दिलें. दरमहा पगारांतून थोडे पैसे एका पत्र्याच्या डब्यांत टाकीत गेलों. मुलानें परीक्षा चांगली दिली. वहीच्या मागच्या पानावर बरोबर न्यावयाच्या वस्तूंची यादी केली. तींत टॉवेल, बिस्किटें व आजीसाठीं ओवा अशी नोंद आम्हीं स्वतः पाहिली होती.

एप्रिलांत आम्ही कांहीं कामासाठीं पुण्यास गेलों. अप्पा बळवंत चौकांत जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांत आपट्यांच्या कोशाची गोडे व कर्वे यांनीं वाढविलेली आवृत्ति, तिन्ही खंड, सुस्थितींत, मांडलेली होती. आमच्यापाशीं तोंवर विद्यार्थ्यांचा छोटा कोश होता. सायंकाळीं घरीं चार मुलांस आम्ही विनामूल्य संस्कृत शिकवीत असूं. मोठा कोश असावा ही इच्छा वाईच्या दिवसांपासूनची. दुकानदारानें दोन दिवस खंड राखून ठेवण्याचें कबूल केलें. आम्ही सांगलीस आलों, डबा उघडला, आणि परत जाऊन कोश घेऊन आलों. वाटेंत एस. टी. च्या गाडींत बसून आम्हीं पुष्कळ कारणें जमविलीं. करमणूक क्षणाची, कोश पिढ्यांचा. उद्यां हाच मुलगा मोठा झाला म्हणजे कोश त्यालाच उपयोगीं पडेल. एस्सेलवर्ल्ड काय, पुढच्या वर्षींही असेलच.

मुलाला 'पुढच्या वर्षीं' एवढेंच सांगितलें. तो रडेल, हट्ट करील, म्हणून आम्हीं एक चांगलें उत्तर तयार ठेविलें होतें. त्यानें विचारलेंच नाहीं. कोशाच्या तिन्ही खंडांवर त्यानें स्वतः तपकिरी कागदाचीं वेष्टनें घातलीं. तीं अजून आहेत. पुढच्या वर्षीं शिष्यवृत्ति लागल्याचें निमित्त होतें, त्याच्या पुढच्या वर्षीं साताऱ्याच्या घराचीं कौलें निघालीं, आणि मग मुलगा अशा वयाचा झाला कीं त्याला 'चल' म्हणण्याची आम्हांसच लाज वाटली. करोनाच्या साथीनंतर एस्सेलवर्ल्ड बंद झालें. त्याची बातमी आम्हीं वर्तमानपत्रांत वाचली, व तो अंक त्या दिवशीं लवकर रद्दींत घातला. कोश खरोखर उत्तम आहे. त्याचा उपयोग न झालेला असा दिवस विरळा. चिरंजिवांनीं तो एकदांही उघडला नाहीं.

असो. बेत पक्का झाल्यावर चार-पांच संध्याकाळीं नातीनें आम्हांस कोस्टरांचें शास्त्र समजावून दिलें, व थोडें आम्हीं तिला दिलें. चाळीस मीटरांवरून पडणाऱ्या पदार्थाचा वेग किती, हें गणित तिला येत होतें. दर सेकंदास अठ्ठावीस मीटर, म्हणजे ताशीं सुमारें एकशें एक किलोमीटर. या गणितांत वजनाचा संबंध कोठेंच येत नाहीं, दादा व ती एकाच वेगानें खालीं येतील, हें कळल्यावर ती फार वेळ हंसत होती. आम्हीं तिला खोपोलीचें दुसरें उदाहरण दिलें. तेथें टाटांचें वीजघर १९१५ सालापासून आहे. लोणावळ्याच्या माथ्यावर सांठविलेलें पावसाचें पाणी नळांतून सुमारें पांचशें मीटर खालीं सोडतात व त्या पडण्याच्या जोरावर वीज होते. कोस्टरांत याच्या उलट: वीज गाडीला माथ्यावर नेते, आणि पुढचें काम पडण्याकडे सोंपविते. एकाच घाटाच्या पायथ्याशीं दोन्ही कारखाने आहेत. शाळेंत आम्ही हा धडा कौलावरून दगड टाकून शिकवीत असूं. मुलें जांभया देत.

कोलांटीचें गणित आम्हांस तिच्याकडून मिळालें. १८९५ सालीं कोनी आयलंडला उलट्या फेऱ्याचा पहिला प्रसिद्ध कोस्टर निघाला, तेव्हां तो फेरा पूर्ण वर्तुळाचा होता. तशा वर्तुळांत जेमतेम वर जाण्याइतका वेग ठेविला, तरी तळाशीं माणसाचें वजन सहापट होतें; लोकांच्या माना दुखावूं लागल्या, आणि ती तऱ्हा मागें पडली. पाऊण शतकानंतर, १९७६ सालीं, कॅलिफोर्नियांत श्टेंगेल नांवाच्या जर्मन अभियंत्यानें फेऱ्याला पाण्याच्या थेंबाचा आकार दिला, वर निमुळता व खालीं पसरट. मग माना वांचल्या. आमची समजूत अशी होती कीं, वर्तुळ म्हणजे आकृतींत सर्वांत निर्दोष. ती समजूत सदुसष्टाव्या वर्षीं सुटली.

आमच्या डॉक्टरांनीं रक्तदाब मोजून नायट्रोला साफ नकार दिला. लहान गाडीला, 'बसायचेंच असेल तर,' म्हणून परवानगी दिली. नातीनें वहींत आमच्या नांवापुढें तशी नोंद केली. एकंदर बेत तिनेंच केला होता व तो मुनीमाच्या कसोशीचा होता. शनिवार-रविवार टाळावयाचा, दार उघडतांच सर्वांत मोठा कोस्टर आधीं गांठावयाचा, कारण बाकीचे लोक दारापाशींच्या पहिल्या खेळांत अडकतात, उन्हाच्या वेळीं छपराखालचे खेळ, पोटभर जेवण कोस्टरानंतर, चष्मे, पाकिटें, उपरणीं खालच्या माणसाजवळ. 'खालचें माणूस' या सदराखालीं आमचें नांव होतें. बाहेरचें अन्न आंत नेतां येत नाहीं, म्हणून वहिनींच्या दशम्या व सांगलीहून आणलेलें भडंग मोटारींतच संपवावयाचें.

पहाटे साडेतीनला साताऱ्याहून निघालों. लहानथोर मिळून अकरा माणसें भाड्याच्या मोठ्या मोटारींत. खंबाटकीच्या घाटापर्यंत सर्वांस झोंप लागली. चिरंजीव आमच्या शेजारीं होते. अंधारांत आम्हीं सुरुवात केली, "१९९४ सालीं…"

"अण्णा, थोडा वेळ डोळे मिटा," ते म्हणाले. "दिवसभर उभें राहायचें आहे तुम्हांला." आणि त्यांनीं आपल्या अंगावरची शाल आमच्या गुडघ्यांवर घातली.

बोरघाट उतरतांना उजाडलें. १८६३ सालीं याच घाटांतून आगगाडी वर चढविली तेव्हां सदतिसांत एक असा चढ तिला दमवीत असे. आतां मोटारींची रांगच्या रांग तोच डोंगर न दमतां उतरत होती. महडला दर्शन शांतपणें झालें. आक्कांनीं प्रसादाचा नारळ हातांतच ठेविला आणि तो दिवसभर सोडला नाहीं.

उद्यानांतील गलबल्याचें वर्णन आम्ही करीत नाहीं. संगीत आम्हांस फार मोठें वाटलें व झाडें लहान वाटलीं. पण स्वच्छता होती, आणि मंडळी आपापल्या परीनें रमली. आक्का फिरत्या घोड्यांच्या चक्रावर बसल्या. नऊवारी नेसलेल्या, घोड्यावर बाजूला पाय सोडून, एका हातांत खांब व दुसऱ्या हातांत नारळ, अशा त्या तीन वेळां आमच्यासमोरून गेल्या, आणि तिन्ही वेळां त्यांनीं आमच्याकडे न पाहतां समोर पाहिलें. दादांनीं बांकावर बसून वर्तमानपत्र उघडलें. पण तें त्यांनीं बराच वेळ उलटें धरलें होतें असें वहिनी सांगतात.

आमच्या वांट्याला 'गोल्ड रश एक्सप्रेस' नांवाची लहान गाडी आली. नात शेजारीं होती. आम्ही तीस वर्षें मुलांना शाकुंतलाचा सातवा अंक शिकविला आहे. इंद्राच्या रथांतून दुष्यंत पृथ्वीवर उतरतो, तेव्हां खालचे डोंगर, झाडें व नद्या त्याला कशा दिसतात याचें तेथें वर्णन आहे. पृथ्वी कोणीतरी वर उचलून आपल्याकडे आणीत आहे असा भास होतो, हें आम्ही मुलांना डोळे मिटून सांगत असूं, व मुलें तें उतरून घेत. त्या लहानशा उतारावर, डोळे उघडे असतांना, जमीन खरोखर आमच्या अंगावर उचलून आली. पोटांत एक पोकळी पडली, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर गोणपाटावर बसून घसरतांना आठव्या वर्षीं पडे तशीच. आमच्या तोंडून कांहीं आवाज निघाला. नात म्हणते तो आवाज 'मातले' असा होता, म्हणजे इंद्राच्या सारथ्याचें संबोधन. आम्हांस तें खरें वाटत नाहीं.

मग नायट्रो. नातीचा आराखडा पहिल्या तासांतला होता, पण आक्कांच्या घोड्यानें तो मोडला; तरी मधला वार असल्यामुळें रांग बरी होती. चिरंजिवांनीं चष्मा काढून आमच्या हातांत दिला. नातीनें वही दिली. ते दोघे रांगेंत दिसेनासे झाले आणि आम्ही कठड्यापाशीं वर मान करून उभे राहिलों.

गाडी चढूं लागली म्हणजे कट् कट् असा आवाज येतो. मागें घसरूं नये म्हणून रुळांत दांते असतात, त्यांवरून पट्टी सरकतांना तो होतो; हें आम्हांस वहीवरून ठाऊक होतें. ठाऊक असूनही तो आवाज आम्हांस आवडला नाहीं. ओळींत बसलेल्या माणसांचे पाय खालून दिसत होते, चेहरे दिसत नव्हते. दोन नंबरच्या ओळींतल्या तपकिरी बुटांवरून आम्हीं चिरंजीव ओळखले. ते सांगलीच्या एका कारखान्यांत मोठ्या हुद्द्यावर आहेत. घरांत मोठ्यानें बोलत नाहींत. दूरध्वनीवर रागावले तरी आवाज चढत नाहीं. लहानपणीं असे नव्हते. केव्हांपासून असे झाले, हें आम्हीं कधीं शोधलें नाहीं.

माथ्यावर तो आवाज थांबला. पाय क्षणभर तसेच लोंबले. मग गाडी तोंडावर पडली आणि वीस-पंचवीस गळ्यांतून एकदम आरोळी उठली. तींत नातीचा आवाज आम्हांस ओळखतां आला नाहीं. दुसरा ओळखतां आला. चौथींतल्या मुलाचा आवाज होता तो, फुटलेला, आनंदाचा, लाजलज्जा नसलेला. आम्हीं तो एकतीस वर्षें ऐकला नव्हता. पांची कोलांट्यांत तो आवाज चालला होता. गाडी आमच्या डोक्यावरून गेली तेव्हां जवळ आला, खांबांमागें गेला, पुन्हां आला.

दोघे जिन्यावरून उतरले. नातीनें आमच्या हातून वही घेतली व तेथेंच गुडघ्यावर ठेवून 'राहिलेल्यां'तलें पहिलें नांव खोडलें. चिरंजिवांचे केंस उभे राहिले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतें, वाऱ्यानें येतें. त्यांनीं चष्मा घेतला, पुसला, पण घातला नाहीं. हातांत धरून उभे राहिले. मग रांगेकडे एकदां पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि एकेचाळीस वर्षांचा तो मनुष्य म्हणाला, "अण्णा, अजून एकदां जाऊन येऊं का?"

आम्हीं चष्म्यासाठीं हात पुढें केला.